उमेदवारीचे वर्ष आणि दुसरी सही

कर्करोगाच्या किरणोपचाराविषयी बोलणे निघाले की यंत्राच्या किमतीचा उल्लेख हटकून होतो. अमुक रुग्णालयाने इतक्या कोटींचे यंत्र आणले, मंत्रिमहोदयांनी फीत कापली, छायाचित्रे छापून आली. त्या यंत्रातून निघणारी किरणमात्रा रोज सकाळी कोण तपासतो आणि तो हे काम कोठे शिकला, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

मात्रा किती द्यावयाची हे डॉक्टर ठरवितो; ती तितकीच आणि नेमकी तेथेच पडेल याची हमी वैद्यकीय भौतिकतज्ज्ञाने द्यावयाची असते. पदव्युत्तर शिक्षणानंतर किमान बारा महिने सुसज्ज किरणोपचार विभागात उमेदवारी केली पाहिजे, अशी अट अणुऊर्जा नियामक मंडळाच्या संहितेने घातली आहे. ती योग्यच आहे. कारण या विद्येचा मोठा भाग पुस्तकात मावत नाही. मात्रा मोजण्याचे उपकरण म्हणजे हवेने भरलेली एक इवलीशी पोकळी. हवा विरळ असली की ते कमी आकडा दाखविते, म्हणून तापमान व वायुदाब यांची दुरुस्ती करावी लागते. सूत्र प्रत्येक उमेदवाराला पाठ असते. परंतु हवामानाच्या बातमीपत्रातील वायुदाब समुद्रसपाटीच्या हिशेबाने दिलेला असतो, आणि पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. तो आकडा जसाच्या तसा उचलणारा नवखा पुण्यात सहा टक्क्यांच्या आसपास चुकेल. यंत्र कमी देत आहे असे समजून मात्रा वाढवील. रुग्णाला मिळणाऱ्या मात्रेत पाच टक्क्यांहून अधिक फरक पडू नये, हा तर या क्षेत्रातील सर्वमान्य दंडक. अशा वेळी शेजारी उभ्या असलेल्या ज्येष्ठाने ‘हा आकडा कोठून आणलास? खोलीतला बॅरोमीटर पाहिलास का?’ एवढे विचारणे म्हणजेच उमेदवारीचे शिक्षण.

विचारणारा कोणी नसला तर काय होते, याचा दाखला कोस्टारिकाच्या सान होसे शहरात १९९६ मध्ये मिळाला. कोबाल्ट यंत्रात नवा स्रोत बसविल्यानंतर त्याची मोजणी करताना ०.३ मिनिट, म्हणजे १८ सेकंद, ही वेळ ३० सेकंद म्हणून धरली गेली. स्रोत आहे त्यापेक्षा दुर्बळ ठरला, उपचाराचा काळ त्या प्रमाणात लांबला आणि ११५ रुग्णांना ठरल्यापेक्षा निम्म्याहून अधिक जादा मात्रा बसली. कित्येकांना गंभीर इजा झाल्या, काही दगावले. चूक शाळकरी पोराच्या पाटीवर शोभावी अशी होती. ती मोजणी दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे पडताळून पाहिली नव्हती.

दुसरी नजर हे किरणोपचारातील खरे सुरक्षासाधन होय. भिंतीतले काँक्रीट त्यानंतरचे. आणि येथेच अर्थकारण आडवे येते. कर्ज काढून घेतलेल्या यंत्राने दिवसभर रुग्ण हाताळले पाहिजेत, हा मालकाचा हिशेब. पाण्याच्या टाकीत उपकरण बुडवून केलेल्या मोजणीचे बिल कोणाच्या नावे फाडता येत नाही. म्हणून ती शेवटचा रुग्ण गेल्यावर, रात्री उरकावयाची. ज्येष्ठ दिवसभराच्या कामाने थकलेला. मग शिकण्यासाठी आलेला उमेदवार एकटाच मोजतो आणि ज्येष्ठाची सही सकाळी होते. दोन सह्या कागदावर असतात, नजर एकच. सार्वजनिक रुग्णालयातही, जेथे माणसे अपुरी व रांग लांब, याहून फार निराळे घडण्याचे कारण नाही.

अशा उमेदवाराने ‘सर, पुन्हा एकदा मोजू या’ असे म्हणावे, अशी अपेक्षा धरली जाते. त्याने कोणत्या बळावर म्हणावे? वर्षाअखेरचे प्रमाणपत्र त्याच ज्येष्ठाच्या हाती. कारखान्यातील शिकाऊ फिटरला निदान १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने विद्यावेतनाचा हक्क दिला. येथे विद्यावेतन रुग्णालयागणिक बदलते. निवासी डॉक्टरांना ‘मार्ड’सारखी संघटना आहे, त्यांचा संप वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येतो. एकेका विभागातील एकदोन उमेदवारांनी कोणाचा संप करावा? (आपल्या कामगार आघाड्यांनाही मोठी गर्दी दिसल्याखेरीज जाग येत नाही, हे मान्य केलेले बरे.)

उमेदवारी सक्तीची करणाऱ्या शासनाने तिचा खर्चही उचलला पाहिजे. विद्यावेतन सरकारी निधीतून थेट उमेदवाराच्या हाती पडावे. प्रमाणपत्र एका व्यक्तीच्या मर्जीवर न ठेवता बाहेरच्या परीक्षकासमोर द्यावे. आणि मोजणीचे तास दिवसाच्या वेळापत्रकात, रुग्णांच्या तासांइतकेच पक्के, लिहून ठेवावेत. यंत्राचे रुग्ण थोडे घटतील, हे खरे. रांग लांब आहे म्हणून यंत्रे व माणसे वाढविण्याची मागणी करावी. मोजणीला कात्री लावून रांग तोडू नये. नगरपालिकांत व जिल्हा परिषदांत आपले जे सभासद आहेत, त्यांनी पुढच्या खेपेस किरणोपचार यंत्राच्या खरेदीचा ठराव आला की किमतीबरोबरच भौतिकतज्ज्ञांची पदे किती आणि मोजणीचे तास कोणते, हे दोन रकाने भरून मागावेत.