पेठ आणि फाटा



मालाच्या भावाबद्दल आपण दर बैठकीत बोलतो. तो भाव ज्या गल्लीत, ज्या चौकात ठरतो त्या जागेबद्दल मात्र कोणी बोलत नाही. शहराचे रस्ते हे शहरवाल्यांचे काम, असे आपण धरून चाललो आहोत. आम्हाला हे पटत नाही.

जुने नगर पाहा. अहमद निजामशहाने वसवलेले शहर, भोवती कोट, कोटाला वेशी. माळीवाडा वेस आणि दिल्ली दरवाजा आजही उभे आहेत. आत कापडबाजार, दाळमंडई, आडतेबाजार, गंजबाजार, सगळे पायी फिरण्याच्या अंतरात. एका धंद्याची दुकाने ओळीने असली की ज्वारीचा नमुना दाखवायचा आणि भाव पटला नाही तर उठून पुढच्या ओट्यावर जायचे. आडत्यालाही ते ठाऊक असते. आडत्यांनी आपसांत भाव पाडले नाहीत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण उठून जायला वाट होती.

आता फाटा पाहा. नेवासे हे प्रवरेकाठचे जुने गाव, ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते. नगर–छत्रपती संभाजीनगर हमरस्ता गावाबाहेरून गेला आणि नेवासे फाटा वाढला. असे फाटे जिल्ह्यात जागोजाग आहेत. फाट्याला पेठ नसते. एकच रस्ता, दोन्ही अंगांना दुकाने, मधून ट्रक. समोरच्या दुकानातला भाव विचारायचा तर जीव मुठीत धरून रस्ता ओलांडायचा. टेम्पोचे भाडे चढत असते, मागचा हॉर्न वाजवत असतो. मग पहिला काटा दिसेल तिथे कापूस उतरतो.

1972 साली कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हा केंद्राबाहेर गाड्यांच्या रांगा रस्त्यावरच लागत. रांगेत बैल जुंपून उभा असलेला माणूस मागे फिरू शकत नाही, प्रतवारीवर भांडूही शकत नाही. ती योजना गेली, पण गाडी उभी करायची जागा अजून रस्ताच आहे.

यावर रस्ता रुंद करा म्हणतात. रुंद रस्त्यावर ट्रक जास्त वेगाने जातात आणि आठवडे बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या आयाबहिणी आधी उठवल्या जातात. बाह्यवळण बरे, जड वाहने बाहेर जातात. पण त्याच्याही कडेला दुकाने बसू दिली की तो दुसरा फाटा होतो.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 प्रमाणे नगरपालिकेला विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. हरकत कोणीही देऊ शकतो, त्या गावचा मतदार असण्याची अट नाही. ती लेखी आणि मुदतीत हवी, एवढेच. आपण मागायचे ते असे: गाड्या सोडायला झाडे-पाणी असलेले मैदान, त्याला आत यायची आणि बाहेर जायची वेगळी वाट, काटा मैदानात, आडती एका ओळीत, आणि बायकांसाठी मुतारी.

शेवगाव, पाथर्डी, जामखेड, कर्जतच्या कार्यकर्त्यांनी आपल्या गावचा आराखडा कोणत्या टप्प्यावर आहे ते कचेरीत विचारावे आणि पुढच्या बैठकीला नकाशाची प्रत घेऊन यावे.