कामाला माणूस पाहिजे!

दादरला जा, कुर्ल्याला जा, पुण्यात स्वारगेटला जा. हॉटेलाच्या काचेवर एक पाटी चिकटवलेली दिसेल : 'कामाला माणूस पाहिजे. राहणे-जेवण फ्री.' दोन महिन्यांनी त्याच रस्त्यानं परत जा. पाटी तिथंच. मधल्या काळात चारजण आले आणि चारही गेले. चौथा तर रात्रीतनं गेला. दोरीवर वाळत टाकलेली बनियनसुद्धा घ्यायला थांबला नाही.

गल्ल्यावरचा शेठ रडतो, "हल्लीची पोरं टिकत नाहीत हो. कष्ट नकोत. मोबाईलनं वाया गेली."

शेठ, पोरं वाया गेलेली नाहीत. पोरं शहाणी झालीत. तुमच्याकडे काम कमी पडलं म्हणून कुणी पळालेलं नाही. माणूसपण कमी पडलं म्हणून पळाले.

दोस्तांनो, या अंकात आम्ही हॉटेलातल्या कामावर लिहितोय, कारण ही गोष्ट आपल्याला परकी नाही. आपल्या वस्तीत असं घर शोधून दाखवा, जिथल्या एकानं तरी कधी मोरीवर कपबश्या विसळल्या नाहीत, फडका मारला नाही, लग्नाच्या हॉलवर रात्रभर वाढपीगिरी केली नाही. आमच्या या मासिकाची जुळवाजुळव ज्या टेबलावर होते, त्या टेबलाभोवतीच असे तिघे आहेत. आम्ही हे पुस्तकातून काढून लिहीत नाही.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. २६ जानेवारी १९५० पासून लागू झालेल्या घटनेच्या कलम १५ मध्ये हॉटेल आणि उपाहारगृह हे शब्द आहेत. जातीच्या नावावर कुणालाही हॉटेलात शिरण्यापासून अडवायचं नाही, असं बाबासाहेबांच्या घटनेनं सांगितलं. १९५५ च्या कायद्यानं तर हॉटेलातली भांडी वापरू न देणं हासुद्धा गुन्हा ठरवला. का? कारण या देशात चहाची कपबशीसुद्धा जात विचारत होती. आपल्या बापजाद्यांची कपबशी बाहेर खिळ्याला टांगलेली असायची. आपणच प्यायचं, आपणच विसळायचं.

घटनेनं हॉटेलाचं पुढचं दार उघडलं. आपण आत गेलो, खुर्चीवर बसलो, ऑर्डर दिली. पण हॉटेलाला मागचंही एक दार असतं. ते मोरीकडं उघडतं. तिथं काय चाललंय? आडनाव ऐकून आजही ठरतं, कुणाला भटारखान्यात घ्यायचं आणि कुणाला खरकट्यात उभं करायचं. शेठ तोंडानं जात विचारत नाही. "गाव कुठलं? पूर्ण नाव सांग," एवढंच विचारतो. बाकीचं त्याला कळतं.

आता पोरगा का पळतो ते मोजा.

पहिलं कारण पैसा. पहिल्या महिन्याचा पगार दाबून ठेवायचा, म्हणजे पोरगा अडकून राहील. फुटलेल्या कपाचे पैसे कापायचे. टीपचा डबा गल्ल्याखाली ठेवायचा आणि वाटणी मॅनेजरच्या मर्जीवर. पण दाबून ठेवलेल्या पगारानं माणूस टिकत नाही, तो फक्त पळायचा दिवस पुढं ढकलतो.

दुसरं कारण हात आणि जीभ. वस्ताद झाऱ्यानं मारतो, मॅनेजर आईवरून बोलतो, गिऱ्हाईक "ए पोऱ्या" म्हणतं. धंद्यात याला 'शिकवणं' म्हणतात. आम्हीही मार खाऊन शिकलो, असं वस्ताद अभिमानानं सांगतो. म्हणजे मारसुद्धा वारसाहक्कानं चालत आलाय. जात चालत येते तशीच ही रीत.

तिसरं कारण जाळ. भटारखान्यात फरशी ओली, तेल उकळतं, सिलिंडर दाराच्या तोंडाशी, चिमणीत महिनोन् महिन्यांचा चिकटा. आमच्यातल्या एकाचा हात कढईतल्या तेलानं कोपरापर्यंत भाजला होता. त्यावर टूथपेस्ट फासली आणि संध्याकाळच्या गर्दीला त्याला परत उभा केला. भाजल्यावर पहिल्यांदा वीस मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी सोडायचं आणि मग दवाखाना गाठायचा, हे कुणालाच माहीत नव्हतं. मालकाला फक्त गर्दीची वेळ माहीत होती. तो दोस्त आठवड्यानं काम सोडून गेला. शेठनं पाटी लावली.

चौथं कारण बायका. हॉटेलात बाई भाजी चिरते, पोळ्या लाटते, भांडी घासते, आता टेबलावर ऑर्डरही घेते. तिला कपडे बदलायला आडोसा नाही. संडास पुरुषांचा, त्याची कडी तुटलेली. अरुंद भटारखान्यात जाता-येता धक्का मारणारे हात कुणाचे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती बोलली तर तीच 'तसली' ठरते. ती बोलत नाही, एक दिवस येत नाही. शेठ म्हणतो, बायकांचं काही खरं नाही.

कायदा नाही का? आहे की. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेलात, ढाब्यावर चौदा वर्षांखालचं पोर ठेवायला बंदी आहे. २०१३ च्या कायद्यानं, दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे, आणि त्याहून लहान जागी काम करणाऱ्या बाईनं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जायचं. किती हॉटेलांच्या भिंतीवर त्या समितीची नावं लावलेली तुम्ही बघितलीत? देवाचा फोटो असतो, उधारी बंदची पाटी असते. ही पाटी नसते.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला नऊ तास, आठवड्याची सुट्टी, जादा कामाला दुप्पट पैसे असं लिहिलं गेलं, तेही दहा किंवा जास्त कामगार असतील तिथं. आणि २०२५ च्या सप्टेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळानं काय केलं? नऊचे दहा तास करायला आणि दहा कामगारांचा उंबरठा वीसवर न्यायला मंजुरी दिली. आता हिशोब करा. कोपऱ्यावरच्या हॉटेलात माणसं किती असतात? आठ, बारा, पंधरा. म्हणजे जिथं पोरगा सगळ्यात जास्त रगडला जातो, त्या हॉटेलावरूनच कायद्याचं छप्पर काढून घ्यायचं!

आणि 'राहणे फ्री' याचा अर्थ काय? रात्री शटर खाली ओढायचं, टेबलं जोडायची, नाहीतर माळ्यावर चढायचं आणि झोपायचं. १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे साकीनाक्याला खैरानी रोडवर फरसाणाचं दुकान पेटलं. आत झोपलेले कामगार बाहेर पडू शकले नाहीत. १२ जण गेले. अकरा दिवसांनी, २९ डिसेंबरला, कमला मिलच्या गच्चीवरचं हॉटेल पेटलं, १४ जण गेले. दुसऱ्या आगीची चर्चा कितीतरी दिवस चालली, आणि चालायलाच पाहिजे होती. पण पहिल्या आगीतले बारा? जिथं राबले तिथंच झोपले, जिथं झोपले तिथंच जळाले. त्यांचं 'राहणे फ्री' होतं.

करोनात तर सगळंच उघडं पडलं. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, शटरं पडली आणि हजारो पोरं गावाकडं चालत सुटली. कुणाला पगार मिळाला, कुणाला नुसतं "बघू". त्या वर्षी ५ ऑक्टोबरला राज्यातली हॉटेलं निम्म्या क्षमतेनं उघडली, तेव्हा मालक फोनवर फोन करीत होते. ज्यानं त्या सहा महिन्यांत एकदा तरी "जेवलास का?" म्हणून विचारलं होतं, त्याची माणसं परतली. बाकीच्यांनी पाट्या लावल्या.

टिकणारी माणसं आम्ही बघितली आहेत. मुंबईत एके काळी दक्षिण कानड्यातून आलेली पोरं दिवसा हॉटेलात राबत आणि रात्रशाळेत शिकत. ज्या मालकानं संध्याकाळी पोराला शाळेला सोडलं, त्याच्याकडं तो पोरगा वर्षानुवर्षं राहिला. त्यातलेच काही पुढं स्वतः मालक झाले. यात दानधर्म नाही, धंद्याचा सरळ हिशोब आहे. नव्या माणसाला टेबल नंबर, गिऱ्हाइकाच्या सवयी, वस्तादाचा हात समजायला महिना जातो. त्या महिन्यात कप फुटतात, ऑर्डरी चुकतात, गिऱ्हाईक तुटतं. दर दोन महिन्यांनी नवा माणूस आणणाऱ्या शेठला स्वस्त मजूर मिळत नाही, महाग अडाणीपणा मिळतो.

मग माणूस टिकवायला काय लागतं? फार नाही. ठरलेल्या तारखेला पूर्ण पगार, आणि तो कागदावर. आठवड्याची सुट्टी, आणि ती मागावी लागू नये. टीपची वाटणी सगळ्यांसमोर. भटारखान्याला दुसरं दार. झोपायची जागा जाळापासून आणि सिलिंडरपासून लांब, आणि शटरची किल्ली आतल्या माणसाकडं. बाईला कडी असलेला संडास आणि रात्री घरी पोचायची सोय. मालकाच्या ताटात असेल तेच जेवण कामगाराच्या ताटात. मोरीवरच्याला भटारखान्यात शिकायची वाट. हात उचलणारा वस्ताद कितीही चवदार रांधत असला तरी त्याला दार. आणि सगळ्यांना नावानं हाक.

आता जरा स्वतःकडं बघू. आपल्यातल्या काहींनी कर्ज काढून गाडी लावली, खानावळ टाकली, हॉटेल चालवायला घेतलं. अभिमान आहे. पण परवा अशाच एका आपल्या माणसाच्या हॉटेलात बसलो होतो. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, ताज्या फुलांचा हार. आणि खाली गल्ल्यावरून आवाज, "ए भिकारड्या, टेबल पूस!" आम्ही चहा अर्धा सोडून उठलो नाही. तिथंच बसून त्याच्याशी भांडलो. तो म्हणाला, "धंदा असाच चालतो." हेच वाक्य आपल्या बापाला गावच्या पाटलानं ऐकवलं होतं. तेव्हा 'धंदा'च्या जागी 'गाव' होतं, एवढाच फरक.

आणि तू, वाचणाऱ्या दोस्ता? कटिंग मारत क्रांतीवर दोन तास बोलतोस. समोर फडका मारणाऱ्याचं नाव तुला माहीत आहे? त्याला सुट्टी कधी असते, तो झोपतो कुठं, कधी विचारलंस? नसेल तर आजच विचार. नुसतं विचारून थांबू नकोस. त्याचा पगार दाबला असेल तर त्याच्याबरोबर कामगार आयुक्ताच्या कचेरीची पायरी चढ. बाईला त्रास असेल तर तिच्या बाजूनं उभा राहा, तिच्या पुढं उभा राहू नकोस. तक्रार तिची आहे, तीच बोलेल.

आमचं मालकांना एवढंच सांगणं आहे. काचेवरच्या पाटीवर तुम्ही शब्द बरोबर लिहिलाय : माणूस पाहिजे. आता तो आत आला, की त्याला माणूस म्हणूनच ठेवा. नाहीतर ती पाटी तशीच राहू द्या. उद्या आम्ही पोरं घेऊन येऊ आणि तिच्याखाली आणखी एक ओळ लिहू : 'इथं माणूस का टिकत नाही, ते आत विचारा.'