सगळंच ‘धक्का’ कसं?

आपल्या वर्गात जोल्ट म्हणजे धक्का, जर्क म्हणजे धक्का आणि ट्विच म्हणजेही धक्काच! मला हे पटत नाही. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली मुंबईत निघाला, म्हणजे शब्द शोधायची सोय जुनीच आहे.

बस खड्ड्यात गेली की गचका बसतो. कुत्र्याने पट्टा ओढला की हाताला हिसका बसतो. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला बसला तो हादरा. मांजर झडप घालतं, रानडुक्कर मुसंडी मारतं, आणि मागून कुणी ‘भॉ’ केलं की आपण दचकतो. डोळा मात्र लवतो. (कुठला लवला ते आजीला जरूर सांगा, ती लगेच भविष्य सांगेल!)

सगळ्यात जपून वापरायचा शब्द म्हणजे झटका. विजेचा झटका, हृदयविकाराचा झटका, आणि फिट आली तरी ‘झटके येतात’. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना इथे डॉक्टरकडे नेलं की पुष्कळदा दुभाषी आपणच असतो. आजोबा म्हणाले, ‘मागे एक झटका येऊन गेला’, आणि आपण ‘जर्क’ सांगितलं, तर डॉक्टरांना हार्ट अटॅक कसा कळणार? आधी ‘कसला झटका, आजोबा?’ असं विचारायला हवं.

म्हणून माझी सूचना आहे की शब्दांच्या यादीत शेजारी क्रियापदही लिहावं. गर्दीत धक्का लागतो, वाईट बातमीने धक्का बसतो, आणि बंद पडलेल्या गाडीला धक्का मारतात.