कसोटी मालिकेचे भाकीत आणि विवेक

परदेशी संघ भारतात यावयाचा असो वा आपला संघ परदेशी निघावयाचा असो, पहिला चेंडू पडण्यापूर्वीच मालिकेचा निकाल लावून टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. धाराशिवच्या चहाच्या टपरीपासून महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षापर्यंत कोणी ‘तीन-शून्य’ म्हणतो, कोणी ‘दोन-एक’. यात गैर काहीच नाही. अंदाज बांधणे हा क्रिकेटरसिकाच्या आनंदाचाच भाग आहे. प्रश्न इतकाच, की या अंदाजामागे विचार किती आणि मागील विजयाची धुंदी किती?

इतिहास या बाबतीत पुरेसा बोलका आहे. १९७१ साली अजित वाडेकरांचा संघ वेस्ट इंडिजला गेला, तेव्हा त्या संघाविरुद्ध भारताने एकही कसोटी जिंकलेली नव्हती. ती मालिका भारताने १-० अशी जिंकली. नवख्या सुनील गावसकरांनी चार कसोट्यांत ७७४ धावा काढल्या. त्याच वर्षी इंग्लंडमध्येही विजय मिळाला. पुढे १९७४ मध्ये वाडेकरांच्याच नेतृत्वाखाली संघ पुन्हा इंग्लंडला गेला आणि लॉर्ड्‌सवर ४२ धावांत गारद होऊन ०-३ असा हरला. डिसेंबर २०२० मध्ये अ‍ॅडलेडला ३६ धावांत कोसळलेल्या भारताने अजिंक्य रहाणे यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेन जिंकून मालिकाही जिंकली. उलट, २०१२ नंतर मायदेशी सलग अठरा मालिका जिंकणारा संघ २०२४ मध्ये न्यूझीलंडकडून ०-३ असा पराभूत झाला; आणि हा न्यूझीलंडचा संघ नुकताच श्रीलंकेत दोन्ही कसोट्या गमावून आला होता!

फ्रँक नाइट या अर्थशास्त्रज्ञाने १९२१ साली जोखीम आणि अनिश्चितता यांत भेद केला. ज्या घटनेची संभाव्यता मोजता येते ती जोखीम. जिथे मोजमापाला आधारच नसतो ती अनिश्चितता. नाणेफेक पहिल्या प्रकारात मोडते. कसोटी मालिका बऱ्याच अंशी दुसऱ्या प्रकारात येते, कारण खेळपट्टी, हवामान, दुखापती आणि खेळाडूंचा बहर यांचा तोच मेळ पुन्हा जमत नाही. शिवाय तीन किंवा पाच सामन्यांचा नमुना इतका लहान असतो, की त्यावरून नियम काढणे धाडसाचेच ठरावे.

मग अंदाज बांधूच नये काय? तसे नव्हे. आपल्या जिल्ह्यातील जाणता शेतकरी पावसाचा अंदाज बांधतोच. परंतु सारी जमीन त्या एका अंदाजाच्या हवाली करीत नाही. तो सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घेतो, एखादा तुकडा रब्बीच्या ज्वारीसाठी राखतो. आपले भाकीत चुकू शकते, हे गृहीत धरूनच तो पेरणी करतो. हाच विवेक क्रिकेटच्या चर्चेत हवा.

आज याची निकड अधिक आहे, कारण भाकीत आता गप्पांपुरते राहिलेले नाही. भ्रमणध्वनीवरून पैजा लावण्याचे लोण विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, हे योग्यच झाले. परंतु चोरवाटा उरतातच आणि ‘मला खेळ कळतो, म्हणून निकालही कळतो’ हा भ्रम कायद्याने जात नाही. पैजेचे दर ठरविणारा आपला नफा आधीच कापून घेतो. त्यामुळे पैजा लावणाऱ्यांचा समूह एकंदरीत तोट्यातच जातो. हे साधे अंकगणित आहे.

यावर एक उपाय शिक्षकांच्या हाती आहे. मालिकेपूर्वी विद्यार्थ्यांना आपला अंदाज कारणांसह आणि शक्यतेच्या टक्केवारीत वहीत लिहावयास सांगावे व मालिकेनंतर तो ताडून पाहावा. ज्या ज्या वेळी ‘सत्तर टक्के’ म्हटले, त्यांतील दहापैकी सुमारे सात अंदाज खरे ठरावयास हवेत. काही मालिकांनंतर आपल्या खात्रीची खरी किंमत ज्याची त्याला कळेल. ही सवय जडली, तर तिचा उपयोग बाजारभाव, निवडणूक आणि पीकपाणी यांविषयीचे दावे तपासतानाही होईल.