डोक्यावर पंख!

लाखनीजवळच्या एका गावातून सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ती लिहिते, "धानाची कापणी चालू होती. मी धुऱ्यावर डबा घेऊन बसले होते. तेवढ्यात एक लहानसं विमान अगदी खालून गेलं. त्याचे पंख पोटाखाली होते. मागे एकदा नागपूरला मामाकडे गेले होते, तेव्हा पाहिलेल्या लहान विमानाचे पंख मात्र डोक्यावर होते, छत्रीसारखे. बाबा म्हणाले, बनवणाऱ्याची मर्जी! खरंच मर्जी असते का हो?"

शाब्बास! आवाज आला की सगळेच वर बघतात. पंख कुठे आहेत ते मात्र फार थोडे बघतात.

आधी ती दोन विमानं कोणती असावीत ते पाहू. गोंदियाजवळ बिरसीला एक धावपट्टी आहे. ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. तेव्हा गोंदिया आपल्या भंडारा जिल्ह्यातच होतं. १ मे १९९९ ला त्याचा वेगळा जिल्हा झाला. पुढे बिरसीला वैमानिक तयार करणारी संस्था आली आणि तिच्याबरोबर 'डायमंड' जातीची लहान विमानं आली. त्यांचे पंख पोटाखाली असतात. नागपूरच्या फ्लाइंग क्लबची 'सेसना' विमानं मात्र पंख डोक्यावर घेऊन उडणारी. म्हणजे आमच्या मैत्रिणीने बहुधा दोन्ही घराण्यांची विमानं पाहिली!

आता बाबांच्या उत्तराकडे येऊ. बाबांची माफी मागून सांगतो, ही मर्जी नव्हे, हिशेब असतो. पंख डोक्यावर घेण्याचे फायदे मोजा.

पहिला फायदा, खालचं सगळं दिसतं. खिडकीतून बघताना पंख आड येत नाही. वैनगंगेचं पात्र, तलाव, धानाच्या बांध्या, शाळेचं पटांगण, सगळं पायाखाली नकाशासारखं पसरलेलं. दुसरा फायदा, पंख जमिनीपासून उंच असल्यामुळे खडबडीत मैदानावर उतरताना झुडपात नि कुंपणात अडकत नाही. तिसरा, पेट्रोलची टाकी पंखात आणि इंजिन तिच्या खाली. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळाला जसं आपोआप येतं, तसं पेट्रोल इंजिनाला येतं.

चौथा फायदा गमतीचा आहे. वाऱ्याच्या धक्क्याने विमान डावीकडे कललं, तर ते डावीकडे घसरू लागतं. मग हवा त्या बाजूने येऊन विमानाच्या अंगावर आपटते, तिथून वर वळते आणि खाली गेलेल्या पंखाला खालून उचलते. विमान बरंचसं आपोआप सरळ होतं! पंख पोटाखाली असला तर नेमकं उलट घडतं. म्हणून त्या विमानांचे पंख टोकांकडे थोडे वर उचललेले असतात. पुढच्या वेळी नीट बघा, समोरून पाहिलं तर ते पसरट 'व्ही'सारखे दिसतील.

मग सगळीच विमानं अशी का करत नाहीत? कारण तोटाही आहे. वळताना विमान ज्या बाजूला कलतं, त्या बाजूचा पंख खाली येतो आणि नेमकं जिकडे वळायचं तिकडचं आभाळ झाकून टाकतो. तेव्हा काम काय, त्यावर पंखाची जागा ठरते.

आता गोष्ट ऐका. दुसऱ्या महायुद्धाआधीपासून अमेरिकेत 'पायपर कब' नावाचं एक पिवळंधमक विमान होतं. दोन माणसं बसतील एवढं, पंख डोक्यावर. युद्धाच्या काळात तिथे लाखो तरुणांना विमान चालवायला शिकवलं, त्यांतले बहुतेक या पिवळ्या पिल्लावरच शिकले. 'कब' म्हणजे पिल्लूच!

१९४५ साली युद्ध संपलं. कारखानदारांनी विचार केला, एवढी मुलं उडायला शिकून घरी परतली आहेत, आता दारात मोटार असते तसं प्रत्येकाच्या दारात विमान असेल! पायपर, एरॉन्का, सेसना, सगळे कामाला लागले. १९४६ या एका वर्षात अमेरिकेत पस्तीस हजारांच्या आसपास लहान विमानं तयार झाली. आणि मग? गिऱ्हाईकच आटलं. घरी परतलेल्या तरुणांना आधी घर हवं होतं, नोकरी हवी होती, संसार मांडायचा होता. विमान घेऊन जायचं कुठे, आणि ठेवायचं कुठे? तीन वर्षांत विक्री दहाव्या हिश्श्यावर आली. कितीतरी कंपन्या बुडाल्या.

ज्या टिकल्या, त्यांत सेसना होती. तिच्या '१७२' नावाच्या चार आसनी विमानाने १९५५ साली पहिली झेप घेतली. आजवर त्याच्या चव्वेचाळीस हजारांहून जास्त प्रती बनल्या. जगात इतकं बनलेलं दुसरं विमान नाही. हे किती चिवट असावं? १९५८ च्या डिसेंबरात रॉबर्ट टिम आणि जॉन कुक हे दोघे अमेरिकेतल्या लास व्हेगासहून असंच एक विमान घेऊन उडाले आणि थेट १९५९ च्या फेब्रुवारीत उतरले. ६४ दिवस २२ तास! वाळवंटातल्या सरळ रस्त्यावर खालून ट्रक पळायचा, वरून विमान उडायचं, आणि त्या ट्रकमधून पेट्रोल नि जेवणाचे थर्मास वर ओढून घ्यायचे. एसटीच्या टपावर सामान चढवताना आपली किती धांदल उडते ते आठवा, म्हणजे या कसरतीची कल्पना येईल.

हे झालं अमेरिकेचं. मग आपलं काय?

देश नुकताच स्वतंत्र झाला होता. वैमानिक हवे होते आणि फ्लाइंग क्लबही होते, पण शिकण्याची विमानं परदेशातून आणावी लागत. इथे आपल्या गोष्टीत एक मराठी माणूस येतो, विष्णू माधव घाटगे. जन्म १९०८ चा, कोल्हापूरकडच्या हसूर गावचा. मुंबईत शिकून ते जर्मनीला गॉटिंगेनला गेले आणि लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पंखावरून हवा कशी वाहते, या शास्त्राचा पायाच ज्यांनी घातला ते हे प्रांटल. अशा गुरूकडे शिकलेला माणूस परदेशात सहज राहिला असता. घाटगे परत आले आणि बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात विमानं आखू लागले. हा कारखानाही सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० साली उभा केलेला बरं का!

१९५१ साली घाटग्यांचं 'एचटी-२' उडालं. भारतात आखलेलं, भारतात बनलेलं, हवाई दलातल्या शिकाऊ वैमानिकांचं विमान. त्याचे पंख होते पोटाखाली, कारण त्याला आभाळात कोलांट्या मारायच्या होत्या आणि वैमानिकाला वरचं आभाळ मोकळं हवं होतं. मग फ्लाइंग क्लबांसाठी साधं, स्वस्त विमान हवं झालं, तेव्हा त्याच कारखान्याने पंख उचलून डोक्यावर ठेवला. अमेरिकेतल्या एरॉन्का कंपनीचं 'चीफ' नावाचं युद्धानंतरचं विमान समोर ठेवून हे नवं विमान बनवलं. २८ सप्टेंबर १९५८ ला ते उडालं. नाव काय ठेवलं असेल? तुम्हाला रामायणातून माहीत असलेलंच, 'पुष्पक'!

पण रामायणातल्या पुष्पकात कितीही माणसं बसली तरी एक जागा शिल्लक राहायची म्हणे. आपल्या पुष्पकात बसायची दोनच, गुरू आणि शिष्य, शेजारी शेजारी. वजन किती? रिकामं विमान सुमारे चार क्विंटल. म्हणजे चार क्विंटल धान एका पारड्यात ठेवलं, तर दुसऱ्या पारड्यात अख्खं विमान मावलं! धष्टपुष्ट म्हैस याहून जड भरेल. एवढं हलकं कसं? पोलादी नळ्या जोडून सांगाडा करायचा, त्यावर कापड ताणून बसवायचं आणि त्याला खास लेप द्यायचा. लेप वाळला की कापड ताशासारखं टणटणीत. इंजिन नव्वद अश्वशक्तीचं. वेग ताशी १४५ किलोमीटरच्या पुढे नाही. भंडाऱ्याहून नागपूरला जायला अर्धा तास. बटण दाबून सुरू करायची सोय नव्हती. एकाने पुढे उभं राहून पंखा हाताने गरकन फिरवायचा आणि चटकन मागे सरायचं. पाणी उपसायचं डिझेल इंजिन हँडल मारून सुरू करतात, तसंच.

अशी दीडशेच्या आसपास पुष्पकं बनली आणि देशभरच्या क्लबांत गेली. पुढे कितीतरी वर्षं आपल्याकडच्या शिकाऊ वैमानिकांनी त्यांच्यावर विमानविद्येची बाराखडी गिरवली.

पुष्पकाला एक दणकट धाकटा भाऊही होता. १९५९ साली उडालेला. नाव 'कृषक', म्हणजे शेतकरी. काम मात्र सैनिकाचं! डोंगरापलीकडे गोळा कुठे पडला ते तोफखान्यातल्या जवानांना दिसत नाही. तेव्हा तोफखान्याचाच अधिकारी कृषकमध्ये बसून वर जायचा आणि बिनतारी यंत्रावरून सांगायचा, गोळा इतका डावीकडे पडला, इतका पुढे पडला. हातात बंदूक नाही, विमानाला चिलखत नाही, आधाराला फक्त नजर. आणि नजर खाली लावायची तर पंख डोक्यावरच हवा. पटलं ना? १९७० नंतरच्या दशकात हे काम 'चीता' हेलिकॉप्टरांकडे गेलं आणि कृषक निवृत्त झालं.

आता पुष्पकाची एक गोष्ट सांगतो, आणि मग थांबतो.

हरियाणात कर्नाल नावाचं गाव आहे. साधारण आपल्या भंडाऱ्यासारखंच, जिल्ह्याचं ठिकाण. तिथे एक छोटा फ्लाइंग क्लब होता. गावातली एक मुलगी भावाबरोबर सायकलवरून जाता जाता मान वर करून बघायची, हे विमान कुठे निघालं असेल? दोघांनी वडिलांच्या मागे भुणभुण लावली. शेवटी वडिलांनी त्यांना क्लबात नेलं आणि क्लबच्या पुष्पकातून नि ग्लायडरमधून एक चक्कर मारून आणली. ही आठवण त्या मुलीने मोठेपणी स्वतःच सांगितली आहे. तिचं नाव कल्पना चावला. १९९७ साली कोलंबिया यानातून ती अंतराळात गेली. २००३ साली दुसऱ्या फेरीवरून परतताना, १ फेब्रुवारीला, ते यान तुटलं आणि तिच्यासह सातही अंतराळवीर गेले.

मला या गोष्टीत नेहमी ते कापडाचं विमान दिसतं. चार क्विंटल वजनाचं, हाताने पंखा फिरवून सुरू करायचं. अंतराळयान त्याच्यापेक्षा कितीतरी वेगाने आणि कितीतरी उंच जातं. पण त्या मुलीला जमिनीवरून पहिल्यांदा उचललं ते असल्याच लहान विमानांनी. युद्धानंतर कारखानदारांनी पाहिलेलं स्वप्न, दारोदारी विमान, ते फसलं. पण जिल्ह्याच्या गावी एखादं साधं विमान असावं आणि मुलांना ते जवळून बघता यावं, एवढं जरी झालं तरी काय होऊ शकतं ते कर्नालने दाखवलं.

पालकांनी विचारण्याआधीच सांगतो, वैमानिकाचं शिक्षण आजही फार महाग आहे, ते प्रत्येकाला झेपेल असं नाही. पण एक वाट अशी आहे, जिला पैसे नव्हे, मेहनत लागते. एनसीसीची हवाई शाखा! तिची एक तुकडी नागपूरला आहे. २०१५ साली आपल्या सरकारने स्लोव्हेनिया देशातल्या पिपिस्ट्रेल कंपनीशी १९४ चिमुकल्या विमानांचा करार केला. त्यांतली निम्म्याहून अधिक एनसीसीच्या छात्रांसाठी होती. आणि त्यांचे पंख कुठे आहेत? बरोबर ओळखलंत, डोक्यावर!

करून पाहा: जाड पुठ्ठ्याचे माशाच्या आकाराचे दोन सारखे तुकडे कापा. एकाला वरच्या कडेजवळ आणि दुसऱ्याला खालच्या कडेजवळ आडवी चीर पाडा. चिरेत पोस्टकार्डाची पट्टी पंख म्हणून सरकवा, शेपटीला लहान पट्टी लावा आणि नाकाला शेंगदाण्याएवढी चिकणमाती चिकटवा. दोन्ही हळुवार सोडा. कोणतं आधी कलंडतं? मग कलंडणाऱ्याच्या पंखाची टोकं थोडी वर वाकवा आणि पुन्हा सोडा. काय फरक पडला ते पत्राने कळवा.

आणि हो, तुमच्या गावावरून यापुढे लहान विमान गेलं, तर तारीख, वेळ आणि पंखाची जागा वहीत टिपून ठेवा. लाखनीच्या मैत्रिणीने सुरुवात केलीच आहे. बाबांनाही सांग गं, मर्जी नाही, हिशेब!