कलश आणणाऱ्याला कोण विचारतो?

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी डॉक्टर-वैद्यांच्या घरी धन्वंतरीची पूजा होते आणि लक्ष्मीपूजनाला औषधाच्या दुकानातील वह्यांवर हळदकुंकू पडते. या दोन पूजांच्या मधोमध पांढरा डगला घातलेला एक माणूस उभा असतो. धन्वंतरीच्या वारसांत त्याची गणना नाही आणि लक्ष्मीच्या लाडक्यांतही नाही. कायदा त्याला 'नोंदणीकृत फार्मासिस्ट' म्हणतो; आपण त्याला 'अहो मेडिकलवाले' म्हणून हाक मारतो.

समुद्रमंथनाची कथा आपण मुलांना मोठ्या हौसेने सांगतो. धन्वंतरी अमृताचा कलश घेऊन वर आला, असुरांनी तो हिसकावला, मोहिनीने तो परत मिळवला, पंगती बसल्या, वाढप झाले. या साऱ्या धांदलीत कलश आणणाऱ्याला कोणी एका शब्दाने विचारले होते काय? आपल्या देशातील आरोग्यसुधारणांचा इतिहास पाहिला की मला हीच कथा पुन्हा वाचल्यासारखी वाटते.

औषधांच्या भेसळीची आणि अडाणी हाताळणीची चौकशी करण्यासाठी १९३० साली कर्नल चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या चौकशीनंतर फार्मसीचा कायदा यायला १९४८ साल उजाडले. कायदा आला तो मात्र भारदस्त! त्याचे ४२ वे कलम म्हणते की, डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टवाचून दुसऱ्या कोणी देऊ नये. कागदावर एवढा अधिकार मिळालेला माणूस राजधानीत वजनदार असायला हवा होता. पण त्याच कायद्याने फार्मसी कौन्सिलमध्ये मेडिकल कौन्सिलच्या एका प्रतिनिधीसाठी खुर्ची राखली. आणि १९५६ च्या मेडिकल कौन्सिलच्या कायद्यात फार्मासिस्टसाठी साधे स्टूलही ठेवले नाही. डॉक्टरने फार्मासिस्टच्या घरात सल्ला द्यावा आणि फार्मासिस्टने डॉक्टरच्या घराबाहेर वहाणा सांभाळाव्यात, असाच हा न्याय झाला.

पुढचेही पाहा. २०१८ साली उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे करायचे ठरले आणि 'समुदाय आरोग्य अधिकारी' हे नवे पद निघाले. त्यासाठी परिचारिका घेतल्या, आयुर्वेदाचे पदवीधर घेतले. हे योग्यच झाले. पण औषधांचा चार वर्षे अभ्यास केलेला फार्मासिस्ट त्या यादीत नव्हता. डॉक्टरांच्या आयोगाचा कायदा २०१९ साली झाला, परिचारिकांचा आणि दंतवैद्यांचा २०२३ च्या ऑगस्टमध्ये. फार्मसी आयोगाचा नुसता मसुदा लोकांपुढे यायला त्याच वर्षाचा नोव्हेंबर लागला. पंगत अर्धी उठल्यावर याचे पान मांडले गेले!

यावर कोणी म्हणेल, "अहो, औषधवाल्यांची केवढी मोठी संघटना आहे! २०१८ च्या २८ सप्टेंबरला ऑनलाइन विक्रीविरुद्ध त्यांनी देशभर दुकाने बंद ठेवली नव्हती काय?" ठेवली होती. पण ती हाक दुकानदाराची होती. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पोट सर्वांनाच आहे. माझा प्रश्न इतकाच की, औषधांचे ज्ञान असलेला माणूस म्हणून फार्मासिस्टने देशाला कधी काही खडसावून सांगितले काय? गल्ल्यासाठी जो बोलतो त्याला सरकार व्यापारी समजते, आणि व्यापाऱ्याला आरोग्याच्या धोरणात कोण विचारणार?

आता कडू मात्रा आमच्याच फार्मासिस्ट बंधूंना पाजतो. कितीतरी दुकानांत प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीवर टांगलेले असते आणि त्याचा धनी दुसऱ्याच गावी दुसरीच नोकरी करीत असतो. महिन्याचे भाडे त्याला घरपोच मिळते. गोळ्या देतो तो कालपरवा कामाला लागलेला पोरगा. १९४८ च्या कायद्याने जे हाती दिले, ते आपण असे कवडीमोलाने गहाण टाकले. ज्याने आपली सही भाड्याने दिली, त्याने आपली जीभही भाड्याने दिली! मग दिल्लीत आपला शब्द चालत नाही म्हणून कपाळाला हात लावण्यात काय हशील?

वाचकहो, ही भाऊबंदकी त्यांची त्यांना लखलाभ, असे म्हणून पान उलटू नका. तुमच्या घरातील आजोबांना हृदयाच्या डॉक्टरने रक्त पातळ ठेवणारी गोळी दिलेली असते. गुडघे दुखतात म्हणून दुसरा डॉक्टर वेदनाशामक लिहून देतो. या दोन गोळ्या एकाच पोटात गेल्या तर रक्तस्राव होऊ शकतो. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी शहाणे. पण दोन्ही चिठ्ठ्या एकत्र पाहण्याची संधी ज्याला मिळते, तो माणूस काउंटरमागे असतो. तो तिथे नसेल, किंवा असून मुका असेल, तर त्याची किंमत आजोबांनी मोजायची.

इंग्लंडात योग्य शिक्षण घेतलेल्या फार्मासिस्टला २००६ पासून स्वतः औषध लिहून देण्याचा अधिकार आहे. २०२४ च्या जानेवारीपासून तर सात किरकोळ आजारांसाठी रोगी डॉक्टरकडे न जाता थेट त्याच्याकडे जाऊ शकतात. आपल्याकडे उद्याच हे व्हावे असे मी म्हणत नाही. पण निदान बैठकीला तरी बोलवाल की नाही? प्रतिजैविकांच्या अतिवापराची चिंता सरकार वाहते. २०१४ पासून त्यांतल्या कित्येक औषधांची नोंदवही ठेवण्याचे काम दुकानावर टाकलेले आहे. ज्याच्याकडून वही लिहून घेता, त्याला त्या वहीत काय दिसते, एवढे तरी विचारा!

आणि तुम्ही-आम्ही? येत्या धनत्रयोदशीला दिवा लावा, धने-गुळाचा नैवेद्य दाखवा. मग औषध आणायला जाल तेव्हा सुट्ट्या पैशांची घासाघीस थोडी बाजूला ठेवून विचारा, "इथले फार्मासिस्ट कोण? त्यांना जरा बोलवा." दहा घरांनी हा प्रश्न विचारला तर भिंतीवरच्या चौकटीतला माणूस खाली उतरून काउंटरशी येईल. तो एकदा आपल्या जागी उभा राहिला, की दिल्लीपर्यंत ऐकू जाईल एवढा आवाज त्याला आपोआप फुटेल.