बाटलीतले तेल आणि विहारातला विश्वास

आमच्या वस्तीतल्या एका काकूंनी गेल्या पावसाळ्यात बीपीची गोळी दोन महिने बंद ठेवली. कारण विचारले तर त्यांनी कपाटातून बोटाएवढी बाटली काढली. लव्हेंडरचे 'एसेन्शियल ऑइल'. दोन थेंब मनगटाला चोळायचे, वास घ्यायचा, बीपी आपोआप उतरते म्हणे. किंमत दीड हजार. विकणारी बाई परकी नव्हती. विहारात शेजारी बसून त्रिशरण-पंचशील घेणारी ताईच होती. आरोग्य केंद्रात मोजले तेव्हा वरचा आकडा १९० निघाला. तिथे गोळी मोफत मिळते.

मित्रांनो, आमचे भांडण सुगंधाशी नाही. चिकित्सा करायची तर दोन्ही बाजूंनी करू. दाताचे डॉक्टर तात्पुरत्या भरणीत वापरतात त्या सिमेंटमध्ये लवंगेच्या तेलातले युजेनॉल असते. टी ट्री तेलाचे ५ टक्क्यांचे जेल मुरुमांवर काही प्रमाणात उपयोगी पडते. आतड्यात विरघळणाऱ्या कॅप्सूलमधले पेपरमिंट तेल काही रुग्णांची पोटदुखी कमी करते. लव्हेंडरच्या वासाने काहींना थोडे शांत वाटते. पण थोडे शांत वाटणे आणि रक्तदाब बरा होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधुमेह, बीपी, कॅन्सर यांपैकी एकही आजार तेलाच्या वासाने बरा होत नाही.

'एसेन्शियल' या शब्दानेही फसगत होते. त्याचा अर्थ इथे 'अत्यावश्यक' नाही. 'इसेन्स' म्हणजे अर्क, त्यावरून तो शब्द आला. किलोकिलो पाला वाफेवर उकळून निघालेला हा तीव्र अर्क असतो. म्हणून "आजी गवती चहा प्यायची, मग हे तेल प्यायला काय हरकत?" हा युक्तिवाद टिकत नाही. चहात दोन पाती असतात, बाटलीत गठ्ठाभर. निलगिरीचे किंवा कापराचे तेल थोडेसेही पोटात गेले तर लहान मुलाला आकडी येऊ शकते. 'नैसर्गिक आहे' म्हणजे 'निर्धोक आहे' असे नव्हे. धोतराही नैसर्गिकच आहे.

"हे हजारो वर्षांचे ज्ञान आहे" असे सांगितले जाते. परंपरेने चालत आले, ग्रंथात लिहिले किंवा मोठ्या माणसाने सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. आपण हे सुत्त ब्राह्मणी कर्मकांडाविरुद्ध हिरिरीने सांगतो. मग आपल्याच ताईने दिलेल्या बाटलीला ते का लावत नाही? की विकणारा 'जयभीम' म्हणाला की आपली चिकित्सा संपते?

खरा धंदा इथेच आहे. ताईला तेल विकण्यापेक्षा खाली माणसे जोडण्याचे आमिष जास्त होते. दुकानदार अनोळखी गिऱ्हाईक शोधतो, साखळी मात्र नाती शोधते. बचत गट, महिला मंडळ, विहार ही नाती चळवळीने पन्नास-साठ वर्षांत उभी केली आणि ती फुकटात वापरली गेली. त्या ताईवरही आमचा राग नाही. तिच्या घरी न विकलेला माल पडून आहे आणि कर्जाचा हप्ता चालू आहे. माणसे जोडण्यावरच कमाई देणाऱ्या पिरॅमिड योजनांना २०२१ च्या थेट विक्री नियमांत बंदी आहे. औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिरात) कायदा, १९५४ नुसार बीपी, मधुमेह, कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करणे गुन्हा आहे. तोंडी केलेली जाहिरातही त्यात येते. हे किती कार्यकर्त्यांना माहीत आहे?

पण एक कडू प्रश्न स्वतःलाही विचारला पाहिजे. काकू तिकडे का वळल्या? आम्ही विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "डॉक्टर मान वर करून बघत नाही. ही हात हातात घेऊन तासभर ऐकते." याला आमच्याकडे उत्तर नव्हते. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला बुद्धांनी आनंदासोबत स्वतःच्या हातांनी धुतले, ही कथा आपण दर वर्षावासात सांगतो. शेजारच्या आजारी बाईजवळ मात्र बसत नाही. आपण सोडलेली ती जागा बाजाराने घेतली.

ती परत घ्यायची तर भाषण पुरणार नाही. दर पौर्णिमेला विहारात बीपी मोजण्याचे यंत्र ठेवा. गोळ्या कोणी सोडल्या याची वही ठेवा. आरोग्य केंद्रात गोळी संपली असेल तर सगळे मिळून जाब विचारा, कारण सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे संविधानाच्या कलम ४७ ने राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. वास आवडत असेल तर जरूर घ्या, पण गोळी सोडू नका.

काकूंची गोळी पुन्हा सुरू आहे. बाटली अजून कपाटातच आहे. दीड हजारांची वस्तू फेकवत नाही, म्हणतात.

जयभीम!